इंजिनात बांधलेली मौली

बोटीच्या इंजिनात ती मौली मी बांधली होती. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. कोणाला ऐकू जाईल असं तर ते तोंडातून कधी निघालंच नाही. बायकोसमोर नाही, देवासमोर नाही, दोन पेग घेऊनही नाही. मी फार बोलणारा माणूस नाही हे सगळ्यांना माहीत आहे, आणि या बाबतीत त्या ख्यातीचा मला फार उपयोग झाला. मुळात गप्प असलेल्या माणसाला कोणी विचारत नाही, की बाबा, तू गप्प का?

मौली म्हणजे पूजेचा लाल-पिवळा धागा. आमच्या भंडाऱ्याकडच्या आज्या त्याला नाडा म्हणायच्या. भिलाईत जन्मलेले आम्ही मौलीच म्हणतो. इथे विश्वकर्मा पूजेला ज्याच्या हाती जे यंत्र असेल त्याला तो मौली बांधतो. लेथला, क्रेनला, स्कूटरला, शिलाई मशीनला. त्या दिवशी कोणी पाना उचलत नाही. यंत्राला हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो, बुंदीचा पुडा मिळतो आणि माणसं धुतलेल्या कपड्यांत यंत्रापुढे पाहुण्यासारखी उभी राहतात.

माझे वडील भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये होते, माझे सासरेही प्लांटमध्ये. आमच्या वेळेपर्यंत पक्क्या नोकरीचा नळ आटला होता. मी आयटीआय करून एका ठेकेदाराकडे लागलो आणि तिथेच केस पांढरे झाले. ठेकेदाराचं काम शहराबाहेरच्या एका तलावात. तलावाच्या काठावर पंपघर, पंपघराच्या तोंडाशी लोखंडी जाळ्या, आणि तलावभर जलकुंभी, म्हणजे जलपर्णी. ही जलकुंभी वाऱ्यासोबत सरकते. वारा पंपघराकडे वळला की हिरवं रान जाळ्यांवर येऊन बसतं आणि पंपांचा श्वास कोंडतो. तसं होऊ नये म्हणून पत्र्याची एक चपटी बोट, बोटीच्या पाठीशी लटकवलेलं इंजिन, आणि तरंगणाऱ्या पिंपांची एक लांब माळ. बोटीनं माळ ओढून जलकुंभी गोळा करायची आणि पलीकडच्या काठाला नेऊन लावायची.

बोट चालवायचा माझा साळा, बायकोचा भाऊ. मीच त्याला लावला होता. बायको मागे लागली होती, "अहो, तुमच्या शेठले सांगून पाहा ना, पोरगा घरी बसून बाबांच्या शिव्या खाऊन राहिला." तो लागला आणि महिन्याभरात त्या बोटीचा राजा झाला. अंगानं आडवा, तोंडानं मोकळा. बोट काठाला लावताना शेवटच्या क्षणी असा वळवायचा, की पाण्याची चूळ घाटावर उभ्या माणसाच्या पायावर यायची. बहुतेक वेळा तो माणूस मीच असायचो.

"भाऊजी, पाय धुतले तुमचे. आता दक्षिणा द्या."

"तुले लात देतो."

"जावयाची लात बी चालते जी आमाले."

त्या वर्षी विश्वकर्मा पूजेच्या आधी ठेकेदारानं मला साइटचा सुपरवायझर केलं होतं. पगारात फरक नावाला, पण घाटावर खुर्ची आली. पूजा मीच केली. इंजिनाला हार घातला, कुंकू लावलं, साळ्याला नारळ फोडायला काठावरच्या दगडाकडे पाठवलं. मौली हातात राहिली.

आधीच्या वर्षी मी ती बाहेर, मुठीला बांधली होती. पाण्यानं सडून ती आठवड्यातच गळाली, आणि त्याच वर्षी माझे वडील गेले. या दोन गोष्टींचा संबंध नाही हे मला तेव्हाही कळत होतं. पण हात थांबला. म्हटलं, आत बांधू, पाणी लागणार नाही, वर्षभर टिकेल. मी इंजिनाचं कव्हर उचललं आणि समोर जो दांडा दिसला त्याला मौली गुंडाळली. एकदा, दोनदा, मग पुडी संपेपर्यंत. गाठ मारली, हात जोडले, कव्हर लावलं. साळा नारळाच्या शेंड्या झाडत परत आला तेव्हा सगळं झाकलेलं होतं.

तो दांडा कोणता, हे मला माहीत होतं. मूठ पिळली की आतली तार तोच दांडा ओढते आणि कार्बोरेटरचं तोंड उघडतं. दांडा जाऊन एका आडव्या तुकड्याला टेकला, की इंजिन पुरतं उघडलं. फिरत्या भागाला काही बांधू नये, हे मला शिकवणारे माझे सासरे. जन्मभर रोलिंग मिलमध्ये राहिलेले. ते म्हणायचे, "पूजा झाली का सकाळी सगळं उतरवाचं, हार, फूल, धागा, सगळं. मंगच बटन दाबाचं. देव बी समजते गा, यंत्र समजत नाही."

दुसऱ्या सकाळी मी हार उतरवून पाण्यात सोडला. मौली आतच राहू दिली.

काही दिवस काहीच झालं नाही. मग पितृपक्षात साळा एकदा घाटावर आला आणि टोपी काढून डोकं खाजवायला लागला.

"भाऊजी, इंजन उठून नाही राहिलं."

"उठून नाही राहिलं म्हणजे?"

"पहिल्या ओढीत चालू होते. हळू चालवा तं मस्त. अर्ध्यावर बी मस्त. पूरा द्या, तं दम नाही. आवाज तिथंच राहते, बोट तिथंच राहते. आपले बाबा जिना चढतेत ना, तसं."

"तुह्यासारखा हत्ती बसल्यावर काय उठन ते?"

"हत्ती पहिलेबी हाच होता ना जी."

मी बोटीत उतरलो. वरची ताकद गेलेल्या इंजिनाला तपासायची एक रीत असते. बाहेरून आत जायचं. आधी इंजिन वाकवून पंखा पाहिला. पंख्याच्या मुळाशी जलकुंभीची मुळं आणि मासे धरणाऱ्यांच्या जाळ्याची दोरी अडकली होती. ती कापून काढली. पंख्याची एक पात जराशी वाकली होती, पण ती आधीपासून तशीच. मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. तो बंद राहिला तर टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल अडतं आणि इंजिन वरती गुदमरतं. स्क्रू उघडा होता. मग नळीतला रबरी फुगा दाबून पाहिला, टणक भरला. नळीला चीर नाही. बोटीच्या बुडाला शेवाळ होतं, ते घासलं. चालवून पाहिलं. तसंच.

साळा मूठ पिळत म्हणाला, "ही शेवटाला कडक लागून राहिली मले. पहिले अशी नव्हती."

"ग्रीस टाक."

"टाकलं ना."

"मंग तुह्या हातालेच ग्रीस लाव," मी म्हटलं, आणि तो हसला.

खरं सांगायचं, तर मला त्याच क्षणी मौली आठवली होती. आतापर्यंत मी स्वतःलाही सांगत आलो, की आठवली नव्हती. आठवली होती. पुढची पायरी सरळ होती. कव्हर काढून प्लग पाहायचे. कव्हर काढलं की धागा दिसणार, साळ्याला दिसणार, संध्याकाळी तो बापाला हसत हसत सांगणार. जवायानं थ्रॉटलला मौली बांधली! सासरे काही बोलणार नाहीत, नुसतं माझ्याकडे पाहतील. सुपरवायझर होऊन किती दिवस झाले होते मला? म्हटलं, उद्या तो यायच्या आधी एकटा येऊन काढून टाकीन. "प्लग उद्या पाहू," मी म्हणालो आणि बोटीतून उतरलो.

दुसऱ्या दिवशी मी लवकर जायला निघालो, तर वाटेत स्कूटर पंक्चर. पोचलो तेव्हा तो बोट घेऊन पाण्यात गेलेला होता. आणि दुपारी वारा फिरला.

असा वारा आम्ही पाहिला नव्हता असं नाही. पण तेव्हा बोटीत जोर होता. तलावाच्या त्या टोकाची जलकुंभी एका थरात निघाली. शेतच चालत येतं आहे असं वाटावं. साळ्यानं पिंपांची माळ घेऊन तिला आडवं धरलं आणि मूठ पूर्ण पिळली. मी काठावरून पाहत होतो. इंजिनाचा आवाज चढला, एका ठिकाणी येऊन थांबला, आणि तिथून पुढे गेलाच नाही. बोट आधी जागच्या जागी उभी राहिली. मग हळूहळू मागे सरकायला लागली, नाक पुढे आणि चाल मागे. हिरवळ तिच्या बाजूंनी वळून पाठीमागे गेली, मग समोरून दाबायला लागली. साळा हातवारे करून ओरडत होता. शब्द ऐकू येत नव्हते, पण मला माहीत होतं काय म्हणतोय. उठून नाही राहिलं.

सरकत सरकत बोट जाळ्यांपर्यंत आली. समोर जलकुंभी, मागे लोखंडी गज, मधे तो. पंखा मुळांत गुरफटून बंद पडला. वल्हं मारायला पाणीच दिसत नव्हतं. तो कमरेवर हात ठेवून त्या हिरव्यात उभा राहिला. मी दोर फेकला, पोचला नाही. पुन्हा फेकला. नंतर पंपघराची माणसं आली. शेवटी त्याला गजांवरून चढवून वर घेतलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. तोवर पंप बंद पडले होते आणि अर्ध्या वस्त्यांचं पाणी गेलं होतं.

वर आल्यावर तो आधी माझ्याकडे आला. कोपरं सोलवटली होती. म्हणाला, "भाऊजी, पूरा जोर देल्ला होता मी. खरंच सांगतो."

"माहीत आहे," मी म्हटलं. यापुढे एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं, "घरी जा, हळद लाव."

सकाळी ठेकेदार स्वतः घाटावर हजर. रात्रभर त्याला वरून फोनवर ऐकून घ्यावं लागलं होतं, आणि आता ते कोणाला तरी ऐकवायचं होतं. बोट काठाशी बांधलेली. साळा दोर धरून उभा. ठेकेदार म्हणाला, "खोलो. मेरे सामने खोलो. देखें तो, क्या बीमारी है इसको."

मी कव्हर काढलं. त्यांच्याकडे माझी पाठ होती. बोटानं दांडा पुढे ढकलला, तो निम्म्याहून थोडा पुढे जाऊन थांबला. हादऱ्यांनी आणि तेलानं मौली दांड्यावरून घसरत टोकाला गेली होती आणि तिथे तिचा काळा गोळा झाला होता, दांडा आणि आडव्या तुकड्याच्या बरोबर मधे. गोळा दाबला जायचा, म्हणून मूठ शेवटाला कडक लागायची. साळ्याच्या हाताला जे कळत होतं ते सगळं बरोबर होतं.

मी चिंधीत धरून गोळा ओढला. निघाला. चिंधीसकट पँटच्या खिशात घातला. दांडा पुन्हा ढकलला, तो आडव्या तुकड्यावर टक्कन टेकला. इतका स्वच्छ आवाज, की मला वाटलं सगळ्यांना कळलं असेल.

"क्या मिला?" ठेकेदार म्हणाला.

इथे मी थांबू शकलो असतो. "काही नाही शेठ, लिव्हर अडकत होता," एवढं म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण लिव्हर कशानं अडकला, हे त्यानं विचारलं असतं, आणि मला काहीतरी सापडणं भाग होतं. मी पेट्रोल फिल्टरची वाटी उघडली. पावसाळ्याचे दिवस, वाटीच्या तळाशी पाण्याचे थेंब आणि थोडा गाळ. त्या मोसमात कुठल्याही बोटीची वाटी उघडा, एवढं निघतंच. तेवढ्या पाण्यानं इंजिनाची ताकद जात नाही. मी ती वाटी ठेकेदाराच्या हातात दिली.

"हे होतं शेठ. कचरा होता."

त्यानं वाटी उन्हात धरली. "पानी! पेट्रोल में पानी?"

"पंपावरून सीधा आणतो मी शेठजी," साळा म्हणाला. "डब्याचं झाकण बी मीच लावतो."

"वही तो. तू ही लाता है, तू ही लगाता है. आधा बेच के पानी मिलाता है क्या रे?"

"नाही जी, कसम..."

"चला के दिखा."

तो बोटीत उतरला, दोर ओढला, निघाला. तलावाच्या मधोमध जाऊन त्यानं मूठ पूर्ण पिळली. बोटीचं नाक उचललं, मागे पाण्याचे दोन पंख उघडले, आणि एवढ्या लांबून त्याचा आवाज आला, "उठलं भाऊजी! उठलं!" आनंदानं तो एक हात हवेत हलवत होता. ठेकेदार माझ्याकडे वळून म्हणाला, "देखा? साफ किया तो भाग रहा है." साळा तिकडे ओरडून जे दाखवत होता, ते इकडे त्याच्याच विरुद्ध जात होतं, आणि त्याला माहीत नव्हतं. शेवटच्या क्षणी वळवून त्यानं बोट घाटाला लावली. पाणी माझ्या पायावर आलं. ठेकेदारानं त्याला बोटीतून उतरायला सांगितलं आणि परत चढू दिलं नाही.

मनात म्हटलं, दोन दिवसांत गोष्ट थंड होईल, मग ठेकेदाराला एकट्यात गाठून सांगू. ती थंड झाली नाही. भिलाईतल्या कोहक्यात आमची घरं एका हाकेवर. संध्याकाळपर्यंत सासऱ्यांच्या कानावर गेलं, की पोरानं पेट्रोल विकलं. ज्या माणसानं सांगितलं त्यानं हेही सांगितलं, की जावयानंच पकडलं.

मी आणि बायको गेलो तेव्हा सासरे ओट्यावर खुर्चीत बसले होते. साळा खाली पायरीवर. सासूबाई आधीच वारलेल्या, त्यामुळे मधे पडणारं कोणी नव्हतं.

"प्लांटातून एक बोल्ट बी खिशात घालून घरी नाही आणला मी," सासरे म्हणाले. "आन तू तेल विकलं?"

"नाही विकलं जी बाबा."

"मंग तेलात पानी कोणं टाकलं?"

"मले नाही माहीत."

सासरे माझ्याकडे वळले. "जवाई, तुमी सांगा. तुमी खोललं होतं. पानी होतं का नाही?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. साळाही. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भाऊजी आता नीट समजावून सांगतील, अशा भरवशानं तो पाहत होता.

मी म्हणालो, "जाऊ द्या ना मामाजी. झालं ते झालं."

नुसतं 'होतं' म्हणालो असतो, तर ते कमी वाईट ठरलं असतं असं मला आता वाटतं. 'जाऊ द्या' म्हटल्यावर मी चोराला माफ करणारा मोठ्या मनाचा माणूस झालो. सासऱ्यांनी मान हलवली. पोराला म्हणाले, "पाहून घे. याले म्हणतेत माणूस." त्या दिवसानंतर ते पोराशी बोलले नाहीत. थोड्या दिवसांत साळा बायको-लेकराला घेऊन शेजारच्या दुर्गला पद्मनाभपुरात भाड्याच्या खोलीत गेला. आता मालवाहू टेम्पो चालवतो.

घाटावरून आलो त्याच दिवशी बायकोनं पँट धुवायला घेताना खिशातली चिंधी काढली. मी आत चहा पीत होतो. ती मोरीतून म्हणाली, "अहो, पूजेची मौली अशी खिशात कोंबतेत का?"

मी कप खाली ठेवला. "टाकून दे."

"मौली टाकतेत का कुठं?" तिनं ती साबणानं धुतली, वाळवली. काळीच राहिली. मग देव्हाऱ्यात, वातींच्या डबीखाली, ठेवून दिली. नदीवर जाणं होईल तेव्हा सोडू म्हणाली. नदीवर जाणं पुष्कळदा झालं. दरवेळी ती विसरली, आणि आठवण करून द्यायला माझं तोंड उघडलं नाही. मौली तिथेच आहे.

पुढे सासऱ्यांना एकटं राहणं होईना म्हणून ते आमच्याकडे आले. दोन खोल्यांचं घर. सकाळी आंघोळ करून ते देव्हाऱ्यापुढे हात जोडतात, वातीची डबी उचलतात, दिवा लावतात, डबी परत त्या धाग्यावर ठेवतात. मी मागे वर्तमानपत्र घेऊन बसलेला असतो. कामावर जाऊन बोट चालवायची असते. साळा गेल्यापासून ती माझ्याकडेच आली. इंजिन अजून दणकट आहे. मूठ शेवटपर्यंत फिरते. जिथे पूर्ण ताकद लागते तिथेही मी ती पूर्ण पिळत नाही. घाटावरच्यांना वाटतं, सुपरवायझर जपून चालवतात.

मागच्या विश्वकर्मा पूजेला सासऱ्यांनी आपला पाना मला दिला. मिलमध्ये रिटायर होताना सोबत्यांनी त्यांना दिलेला, हातात घासून चकचकीत झालेला. घरी दरवर्षी ते त्याचीच पूजा करतात. कुंकू लावून झाल्यावर माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "हा पोराले द्याचा होता. आता तुमीच माहे पोर." बायको डोळ्याला पदर लावून आत गेली. तिला वाटलं, मला भरून आलं म्हणून मी खाली पाहतोय.

साळा भाऊबीजेला येतो. बहिणीकडे आलं पाहिजे म्हणून येतो. त्याच्या टेम्पोचा आवाज गल्लीत आला, की बायको बापाकडे पाहते आणि सासरे खुर्ची उचलून मागच्या अंगणात जातात, भिंतीकडे तोंड करून बसतात. साळा पाटावर बसतो, ओवाळून घेतो, शेव खातो, मोठ्यानं हसतो. मागे बसलेल्या बापाला कळावं म्हणून हसतो असं मला वाटतं. या खेपेला फराळ झाल्यावर तो माझ्यासोबत टेम्पोपर्यंत आला. टाकीचं झाकण उघडलं, वाकून वास घेतला, बंद केलं. ही सवय त्याला तेव्हापासून लागली आहे. पेट्रोल असो की डिझेल, भरलं की वास घेतो.

"भाऊजी, एक सांगू का?"

"सांग."

"मी लय विचार केला. डबा त्या दिवशी पावसात होता. झाकण ढिलं राहिलं असन माझ्याकडून. विकलं नाही मी, आईची शपथ. पण पानी मंग दुसरं कुठून येईन? माझ्याच हातून झालं असन."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एवढंच करता आलं मला.

"मूठ मात्र कडक लागत होती बरं का," तो टेम्पोत चढत म्हणाला. "ते नाही समजलं मले अजून."

तो गेल्यावर मी तसाच मागच्या अंगणात गेलो. सासरे भिंतीकडे तोंड करून बसले होते. बायको ताटं घासत होती. मी त्यांच्या शेजारी उकिडवा बसलो आणि खरंच सुरुवात केली. हळू आवाजात, जसं इतकी वर्षं मनातल्या मनात म्हणून पाहिलं होतं तसं. "मामाजी, ते पाणी काही नव्हतं. मौली होती. मी बांधली होती."

त्यांनी हात कानामागे नेला. मिलमध्ये जन्म गेलेला माणूस. कान आधीच मंद होते, आता जवळजवळ गेलेच आहेत. "काय म्हणता? जोरात बोला ना जी!"

भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं अंगण. तिथेही भाऊबीजेचे पाहुणे बसलेले, त्यांच्या बशांचा आवाज येत होता. मोरीतला नळ बंद झाला होता. बायको हात पुसत दारात उभी होती, काही हवं का, म्हणून.

"चहा घेता का?" मी जोरात म्हणालो.

"हो, घेतो ना," सासरे म्हणाले. मग जरा थांबून, भिंतीकडेच पाहत, "गेला का तो?"

"गेला."

"टेम्पो बरा चालते का त्याचा?"

हे त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं होतं. मी मान डोलावली.

जे मी सहज, कुजबुजत सांगू शकलो असतो, त्याला मी इतका वेळ लावला, की आता ते ओरडून सांगावं लागणार आहे. गल्लीला ऐकू जाईल, बायकोला ऐकू जाईल. ठेकेदाराला निराळं जाऊन सांगावं लागेल. आणि साळ्याला सगळ्यात आधी, कारण मूठ का कडक लागत होती, हे तो अजून विचारतो आहे.

त्याचं पेट्रोल साफ होतं. इंजिन मी बिघडवलं होतं. हे त्याच्यासमोर, त्याच्या बापाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलण्याचं देणं मी लागतो. अजून बोललेलो नाही.